शनिवारची पाच मिनिटं

नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुणवत्तेच्या प्रमाणपत्राची घाई झाली होती. आमच्या कारखान्यालाही. आम्ही लोखंडी कपाटं बनवायचो. तोवर प्रत्येक खात्यात कामाची एक फाइल असे. कुठलं काम कसं करायचं ते त्यात टाइप केलेलं, आणि ज्याला जे सुधारावंसं वाटलं ते त्याने पेनाने खाली लिहिलेलं. आपल्यापेक्षा जुन्या माणसाचं लिहिलेलं खोडायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे एकाच प्रश्नाची तीन-तीन उत्तरं एकाखाली एक सुखाने नांदत.

आता हे सगळं नव्या पद्धतीत उतरवायचं होतं. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक, सही, शिक्का. हाताने एक अक्षर वाढवायचं नाही. बदल हवा तर फॉर्म भरायचा. मला ही कल्पना मनापासून आवडली होती. आकडा कुणी, कधी आणि का बदलला, हे कळायलाच हवं. म्हणूनच ते काम माझ्या गळ्यात पडलं असावं.

रंगखात्यात गाडी अडली. रंगवलेलं कपाट भट्टीत किती वेळ ठेवायचं? टाइप केलेलं होतं वीस मिनिटं. खाली निळ्या शाईत, ‘शनिवारी पहिल्या खेपेला पंचवीस.’ शुक्रवारी आमच्या भागात विजेची सुट्टी असायची. दिवसभर गार पडलेली भट्टी शनिवारी सकाळी काटा वर गेला तरी आतून नीट तापलेली नसे. नव्या तक्त्यात मात्र वेळेसाठी चौकोन एकच होता.

मी मॅनेजरांकडे गेलो.

“अहो, एका कामाला एकच वेळ लिहा ना.”

“शनिवारी रंग सुटेल, साहेब.”

“हे शनिवारचं लिहिलंय कुणी? सही आहे?”

लिहिणारा केव्हाच निवृत्त झाला होता. सही नव्हती.

“मग नाही घेता येणार. प्रमाणपत्र हातात येऊ दे, मग काय ते बदला.”

‘वीस मिनिटं, आवृत्ती शून्य’ असं पान प्लास्टिकमध्ये घालून भट्टीशेजारी लागलं. जुनी फाइल ‘बाद’ असा शिक्का खाऊन रद्दीत गेली. रंगखात्याचा फोरमन जवळच्या कोपर गावचा. पान वाचून मला म्हणाला, “आमच्या अक्षराला गेटपास नाय वाटतं?” आणि शेजारच्या भिंतीवर त्याने खडूने ठळक लिहिलं: शनिवार २५.

मॅनेजरांनी फेरीत ते पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून स्वतः पुसलं. “तपासनिसाला दिसलं तर मेलो आपण! पानावर आहे तेवढंच करायचं, कळलं?”

फोरमनने शनिवारी तेवढंच केलं. पहिल्या खेपेची कपाटं बाहेर आल्यावर त्याने एकाच्या कडेला नख घातलं. रंगाचा अख्खा पापुद्रा निघाला. तो त्याने माझ्या तळहातावर ठेवला.

“घ्या. लावा फायलीला.”

मी खरंच लावला. बदलाचा फॉर्म भरला, ‘कारण’ या रकान्यात ‘सोबत जोडले आहे’ लिहिलं आणि पापुद्रा चिकटपट्टीने खाली डकवला.

दोन दिवसांनी फॉर्म परत आला. लाल शाईत शेरा होता: जोडपत्राला क्रमांक नाही.