दोन अंगणांतलं पाणी

शिमोनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खांडबाऱ्याच्या बाजारात होतो. पिशवी दुकानातच ठेवून निघालो. वाटेत एकच विचार... दादाला हे कोण सांगणार? सख्खा भाऊ, घर नाल्यापलीकडे. पण सामाईक विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून आमचं बोलणं बंद होतं.

मामा आमच्या डोंगरातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. भांडण मिटवण्याची त्यांची रीत शास्त्रातली: आधी एकट्याने भावाकडे जा, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने, मंडळीपुढे सगळ्यांत शेवटी. आम्ही नेमकं उलट केलं. रविवारच्या उपासनेत मी उभा राहून मोठ्याने प्रार्थना केली, प्रभू, लोभी माणसाचं मन बदल. पुढच्या रविवारी दादाने केली, खोटा हिशेब मांडणाऱ्याला सद्बुद्धी दे. बायका पदराआड हसायच्या, आमेन मात्र सगळे म्हणायचे. शेवटी मामांनी मला बाहेर गाठलं. घरची बोली आमची भिली. इथे मराठीत देतो.

"दानू, देवाला सगळं ठाऊक आहे रे. भावाला जाऊन सांग. एकटा जा."

त्यांच्याकडे कुणी भांडणाचं बोलायला येणार असेल, तर ते अंगणात खाट टाकत, उशाला पाण्याचा तांब्या, वर पेला पालथा. आलेल्याने आधी पाणी प्यायचं, मग बोलायचं. शेवटच्या भेटीत, नवापूरच्या दवाखान्यात, त्यांनी विचारलं, गेलास का? मी म्हणालो, चूक त्याची, त्याने यावं. "मग मलाच जावं लागेल," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मातीच्या वेळी दादा आणि मी शवपेटीच्या दोन बाजूंना होतो. त्यानंतर एका संध्याकाळी सगळे मामांच्या घरी सांत्वनाच्या प्रार्थनेला गेले. दादा जाणाऱ्यांत दिसला नाही, म्हणून मीही मागे राहिलो, घराला कुलूप लावलं आणि नाल्याच्या वाटेने दादाकडे गेलो. त्याच्याही दाराला कुलूप. पण अंगणात खाट टाकलेली, उशाला तांब्या, पेला पालथा. वारा अजिबात नव्हता. कोंबड्या खाटेपासून लांब, कुडाला चिकटून गप्प उभ्या. मला वाटलं, दादाने माझ्यासाठी ठेवलंय. डोळे भरून आले. पाणी प्यालो, आत्ताच भरल्यासारखं गार. बसून वाट पाहिली... मी हिशेबी माणूस, जे घडलं तेवढंच लिहितो. खाटेच्या दुसऱ्या टोकाची दोरी करकरली आणि खाली गेली. मी वळून पाहिलं नाही. उठलो आणि घरी आलो.

सकाळी दादा विहिरीवर आला.

"काल तुझ्याकडे गेलो होतो," तो म्हणाला. "सडकेने. तू नव्हतास. खाट टाकून पाणी ठेवलं होतंस, ते प्यालो."

आमची खाट घरात उभी होती. मी निघालो तेव्हाही, परतलो तेव्हाही. नुसतं हो म्हटलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण खोट्यावर मिटवलेलं मामांना चाललं नसतं, आणि मलाही.

"दादा, मी नव्हतं ठेवलं."

मग मी माझं सांगितलं, त्याच्या अंगणातलं. दोरीचंही. त्याचा हात मोटारीच्या बटणावर तसाच राहिला.

"आमची खाट तर माळ्यावर आहे," तो हळूच म्हणाला. "पावसाळ्यापासून."

नंतर मी दोन्ही घरांत आणि शेजारीपाजारी विचारून पाहिलं. कुणीच ठेवलं नव्हतं. सगळे प्रार्थनेत होते.

त्या सकाळी मात्र दादा मोटारीकडे वळला. पाळी त्याची होती. त्याने मोटार सुरू केली आणि पाणी माझ्या शेताकडे वळवलं. मग आम्ही बांधावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ती का सोडली, हे दोघांनीही विचारलं नाही.