अडचण मिटवणारे गर्जे सर

सराव सुरू होण्याआधी गर्जे सर आम्हा मुलींना डबे उघडायला लावायचे. दोन भाकरी दिसल्या की एक काढून मैदानावरच्या कुत्र्यांना टाकायचे. "पोट जड, तर पाय जड," म्हणायचे. पाथर्डीकडच्या आमच्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक. त्यांच्या चार-पाच मुली राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या होत्या, म्हणून त्यांना कुणी काही विचारत नसे. कुत्री मात्र चांगली गुटगुटीत झाली होती.

डॉक्टरांचं नाव काढलं की ते विचारायचे, "डॉक्टर कधी पाच हजार मीटर पळालाय का?" सरांना स्वतःला शंभर मीटर पळताना मी पाहिलं नाही. पण हे बोलायचं धाडस माझ्यात कुठलं? आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिक्षक सांगतात ते खरं, एवढंच मला माहीत होतं.

पाळी हा शब्द त्यांना उच्चारता येत नसे. ते 'अडचण' म्हणायचे, आणि वर त्यांचं एक ठरलेलं वाक्य, "जिची अडचण मिटली, ती नॅशनलला गेली." दुसऱ्या वर्षी माझी पाळी बंद झाली. दोन महिने वाट पाहून मी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं, तर त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बाकीच्या मुली हेव्याने बघत होत्या. लिहायला लाज वाटते, पण मलाही तेव्हा अभिमान वाटला.

पाळी बंद झाल्याला सातवा महिना लागला, तेव्हा नडगी दुखायला लागली. राज्य स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. सरांनी पट्टी गुंडाळून दिली आणि दुखणं मनाचं असतं असं समजावलं. स्पर्धेत शेवटच्या फेरीला ते मनाचं दुखणं मोडलं. हाड होतं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पायाचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न पाळीचा विचारला. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर पाळी थांबवतं, हाडं पोकळ व्हायला लागतात, असं त्यांनी सांगितलं. पाळी परत आली नाही, तर पळणं विसर, असंही म्हणाल्या. मी रडले. पळणं सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

आई ऊसतोडीवरून थेट दवाखान्यात आली होती. दुसऱ्या दिवशी सर सफरचंदं घेऊन आले. पोरीचं वजन तेवढं वाढू देऊ नका, अडचण पुन्हा सुरू होईल, असं आईला सांगू लागले. आईने सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी आदी मुकादम हुता का?"

सरांना कळलं नाही.

"आमचा मुकादम बी ह्येच म्हनायचा. बाईची पाळी आली की कामाचा खाडा व्हतो, पिशवी काढून टाक, अडचन मिटंल. मी काढली. तवापासून कंबर धरलीय ती धरलीय. तुमी आता माझ्या पोरीची मिटवायला निगाले."

सर माझ्याकडे बघून हसले. "आईंना खेळातलं कळत नाही," म्हणाले. त्या हसण्यानंतर मला त्यांची भीती वाटली नाही. कीव वाटावी एवढंही त्यांच्यात काही दिसलं नाही.

मी पोटभर जेवायला लागले. पाचव्या महिन्यात पाळी आली. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मॅडमनी हळूहळू पळायला परवानगी दिली. तेव्हा कॉलेजच्या मैदानाजवळ सरांनी मला थांबवलं आणि सरावाला कधी येतेस, असं सगळ्या मुलींसमोर विचारलं.

"माझी पाळी सुरू झाली, सर," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. "पळणार आहे. तुमच्याकडे नाही."

सरांनी शिट्टी वाजवली आणि मुलींना फेरी मारायला पाठवलं. मी गेटपर्यंत आले, तर पहिल्या वर्षाची एक मुलगी फेरी सोडून मागे आली.

"ताई, माझी पाच महिने झाले आली न्हाई," ती हळूच म्हणाली. "त्या मॅडम कुठं बसतात?"

पुढच्या सोमवारी आम्ही दोघी नगरच्या एसटीत बसलो.