भिकाजी ड्रायव्हरचा पोवाडा

आमच्या परळच्या रेल्वे वर्कशॉपमधले आम्ही सगळे रिटायर झालो, पण शाहीर दत्तारामांचे किस्से अजून ड्युटीवर आहेत! एक आठवला की मागून दुसरा येतोच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी फिटर. शाहीर स्टोअरमधले क्लार्क, पण मिजास चीफ इंजिनिअरची! आमच्या कलापथकात त्यांचा एकच पोवाडा गाजलेला. घाटात ब्रेक फेल झाल्यावर शेवटपर्यंत इंजिनावर राहून गाडी वाचवणाऱ्या आणि स्वतः मेलेल्या भिकाजी ड्रायव्हरचा.

*

पोवाड्यात भिकाजी 'लगाम खेची'. मी म्हटलं, "शाहीर, इंजिनाला लगाम नसतो. वाफ सोडायचा रेग्युलेटर असतो."

"तुम्ही फिटर. काव्य तुम्हाला नाही कळायचं!"

म्हणून एकदा त्यांना धरून इंजिनावर चढवलं. कुणीतरी शिटी ओढली. शाहीर थेट खाली, कोळशाच्या ढिगात! धोतर झटकत म्हणाले, "अनुभव घेतला."

*

लालबागच्या सभेआधी एक पुढारी म्हणाले, "यात चळवळ कुठाय?" झालं! संध्याकाळी भिकाजी मरता मरता ओरडला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

मी म्हटलं, "अहो, तो मेला तेव्हा चळवळ तरी होती का?"

"द्रष्टा होता तो!"

*

गिरगावात अध्यक्ष म्हणून एक प्रोफेसर. वाफ म्हणजे श्रमिकांचा कोंडलेला हुंकार, यावर तासभर बोलले. शेवटी मागून एक बाई ओरडल्या, "अहो, ड्रायव्हर मेला की जगला तेवढं सांगा, मला भात टाकायचाय!"

*

मग करी रोडची ती चाळ.

पोवाड्यात इंजिनात कोळसा टाकणारा एक भेकड फायरमन होता. भिकाजीला एकटं टाकून उडी मारणारा. त्या कडव्याला पब्लिक हमखास "शेम! शेम!" करायचं. शाहिरांना ते फार आवडायचं. दोनदा म्हणायचे.

त्या दिवशी दुसऱ्यांदा सुरू केलं आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला.

"तो फायरमन मी. सखाराम."

मागची माणसं त्याला बघायला उठली.

"उडी नाही मारली मी. भिकाजीनं ढकललं मला. म्हणाला, तुझं पोर चार दिवसांचं आहे, जा."

शाहिरांनी डफ सावरला. "बाबा, असेल खरं. पण ते चालीत बसत नाही हो."

म्हातारा एक पाय ओढत स्टेजपर्यंत आला.

"मग चाल बदल!"