आठवं काडतूस

लीटा ब्रुंकहॉर्स्टला माती दिल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं, चिली आणि दालचिनीचे रोल. तिची बहीण आर्डिथ ताट घेऊन व्हर्लिन कास्पारेकजवळ आली. "तू तिच्या नेमबाजीतला ना? बोल की दोन शब्द तिच्याबद्दल."

व्हर्लिनच्या हातातला रोल हातातच राहिला. कितीतरी वर्षं महिन्यातल्या एका रविवारी तो तिला भेटत आला होता. पण ती कधी प्रेमात पडली होती का, तिला कशाची भीती वाटायची, घरी एकटी असताना काय गुणगुणायची, यातलं त्याला काहीच सांगता आलं नसतं. तिचं उजवं मनगट दुखायचं आणि ती कुठली काडतुसं वापरायची, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. हे काही चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हे.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

लीटा शाळेची बस चालवायची. बस लावली की घर. घरी थोरला भाऊ मर्ल. धान्याच्या कोठीवरून पडल्यापासून तो खाटेवर होता, आणि परकं माणूस जवळ आलं की तोंड फिरवून घ्यायचा. खिलवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं लीटाकडे. महिन्यातून एकदा, मॅचच्या रविवारी, आर्डिथ येऊन बसायची. पण तिने सुरुवातीलाच बजावलं होतं, "राज्याच्या नेमबाजांच्या यादीत तुझं नाव लागतंय तोवर येईन. नुसते बारच उडवायचे असतील तर त्यासाठी मी माझा रविवार का घालवू?" लीटा हे आर्डिथच्या आवाजात, नाक उडवत सांगायची आणि सगळे हसायचे. व्हर्लिनही हसायचा.

पूर्वी ती काडतुसं घरीच भरायची. मग मनगटाला भरायच्या यंत्राचा दांडा ओढवेना, म्हणून कारखान्याची विकत घ्यायला लागली आणि तिथून ही चिंता तिच्या मागे लागली. खेळाचा नियम असा की गोळीचं वजन आणि तिचा वेग यांचा गुणाकार ठरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये. तो आकडा म्हणजे सव्वाशे. हजारांचा हिशेब सोडून सगळे तेवढंच म्हणतात. खाली गेलात तर दिवसभर खेळा, पण गुण नाहीत, यादीत नाव नाही. कुणी फुसके बार काढून सोपा नेम साधू नये, यासाठी हा नियम.

हलकी, वेगवान गोळी सव्वाशे सहज ओलांडते, पण मनगटावर हातोड्यासारखी बसते. जड, सावकाश गोळी नुसती ढकलते. लीटाला जडच हवी होती. त्यात जड पिस्तूल उचलवेना म्हणून तिने आखूड नळीचं हलकं पिस्तूल घेतलं. हलकं पिस्तूल जास्त उसळतं, मग काडतूस आणखी मऊ हवं. मऊ काडतुसाचा वेग मुळातच बेताचा, आणि आखूड नळी त्यातलाही थोडा खाते. ती ज्या बाजूने सुटायला बघायची, त्या बाजूला आणखी एक दार लागलेलं असायचं.

गेल्या सप्टेंबरच्या मॅचला तिने नवं खोकं त्याच्यासमोर धरलं. "एकशे सत्तेचाळीस ग्रेन वजनाची गोळी, वेग सेकंदाला नऊशे फूट. हे बघ, लिहिलंय. गुणाकार केला तर एकशे बत्तीस. आणि हाताला अगदी लोण्यासारखं."

"अगं, तो नऊशे कारखान्यातल्या लांब नळीतला. तुझी नळी बोटभर आखूड आहे. बुधवारी माझ्याकडे ये, वेगाचं यंत्र लावून बघू."

"बुधवारी? मर्लला काय गाडीच्या मागच्या हौद्यात घालून आणू?"

"मग मीच यंत्र घेऊन येतो तुझ्या शेतावर."

"नको रे. पडला तेव्हापासून मोठा आवाज झाला की थरथरतो तो. घराजवळ बार काढायचे नाहीत, असा शब्द दिलाय मी त्याला." मग खोकं पिशवीत टाकत म्हणाली, "कारखान्याने एवढं छापलंय ते काय उगाच?"

ऑक्टोबरातली राज्याची मॅच. सकाळी वारा असा की तंबूचे खुंटे दोनदा ठोकावे लागले. वेग मोजायच्या टेबलावर व्हर्लिन होता. प्रत्येकाच्या पिशवीतून आठ काडतुसं घ्यायची, एकातली गोळी काढून तोलायची, बाकीच्यांतली तीन त्याच्याच पिस्तुलातून यंत्रावरून उडवायची. उडवायची व्हर्लिनने. मॅचभर तीच काडतुसं वापरायची, मध्येच बदलायची सोय नाही.

"लीटा, गोळ्या पुढे जातात ना गं, की पायावरच पडतात?" रांगेतून जाडा बर्डेट ओरडला.

"तुझ्या पोटापर्यंत नक्की पोचतील!"

तिचं पिस्तूल त्या दिवशी पहिल्यांदाच व्हर्लिनच्या हातात आलं. एवढ्या मऊ काडतुसानेही ते असं उसळलं की त्याचं स्वतःचं मनगट चमकलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तीन झाले, कमी पडले. नियमाप्रमाणे आणखी तीन उडवले आणि सहांतले चांगले तीन धरले. सरासरी आठशे एकोणपन्नास. गोळी वजनाला भरली होती एकशे सेहेचाळीस पूर्णांक आठ. गुणाकार एकशे चोवीस पूर्णांक सहा.

बर्डेट रांग सोडून टेबलाजवळ आला.

"एक उरलंय," व्हर्लिन म्हणाला. "उडवायचं की तोलायचं, ते तू ठरवायचं. वेग जास्त आला तर तो धरता येईल. गोळी जड निघाली तर ते वजन धरता येईल."

"तुझं काय मत?"

"मला सांगायला परवानगी नाही."

"तुलाही नाही होय?" ती किंचित हसली. आठवं काडतूस टेबलावर उभं होतं. वाऱ्याने ते आडवं झालं, तिने पुन्हा उभं केलं. "उडवलं तर ते तुझ्या हातून जाणार. मग तू वर्षभर मनाला लावून घेशील. तोल."

हातोड्यासारख्या पोकळ दांड्यात काडतूस घालून त्याने ते ओंडक्यावर आपटलं. गोळी सुटी झाली. वाऱ्यापासून आडोसा म्हणून लीटाने दोन्ही हात तराजूभोवती धरले. एकशे सत्तेचाळीस पूर्णांक दोन. पहिलीपेक्षा जड! व्हर्लिनने गुणाकार केला, मग पुन्हा केला. एकशे चोवीस पूर्णांक नऊ. पुढचे आकडे धरायचे नसतात, आणि वर ओढून सव्वाशे करायचे नसतात. त्याने गणकयंत्र तिच्याकडे वळवलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली. मग हात तराजूवरून काढून खिशात घातले. "आर्डिथ संध्याकाळपर्यंत बसणार आहे. तोवर खेळते."

ती सगळे डाव खेळली, बर्डेटला चिडवत, भरभरून. त्या दिवशी तिचा नेम चांगला लागत होता.

पुढच्या मॅचला ती आली नाही. नंतर नाताळच्या आधी वाणसामानाच्या दुकानाबाहेर तिची गाडी दिसली, ती शेवटची. व्हर्लिन पुढे निघून जाणार होता, तिनेच हाक मारली. सीटमागून तिने दोन न फोडलेली खोकी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

"तुझी नळी लांब आहे. तुझ्या पिस्तुलातून पास होतील."

"तुला नकोत?"

"आर्डिथने आता रविवारी पत्त्यांचा डाव धरलाय."

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तो म्हणाला, "चांगली आहेत ही. मऊ."

"गाडीत ठेवू नकोस हं. गारठ्यात आणखी मंदावतात."

"नाही. स्वयंपाकघरात ठेवीन."

"बरं. मर्लला तासाभराचं सांगून आलेय, निघते."

"बरं," व्हर्लिन म्हणाला. "रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश जा."