देवासचा शेवटचा गाळा

“इनको क्या कमी है, भिया? दरबारवाले लोग हैं.”

रांगेत माझ्या पाठीमागे उभा असलेला माणूस शेजाऱ्याला सांगत होता. आवाज दबका होता, पण मला ऐकू येणार नाही इतका नाही. तो उज्जैनकडचा, पत्र्याच्या ट्रंका बनवणारा होता आणि आमच्यानंतर त्याचाच नंबर होता. मी वळून पाहिलं नाही. बाबांच्या जरीच्या पागोट्याकडे पाहिलं. देवासला यायचं म्हणून त्यांनी ते मुद्दाम बांधलं होतं. ते काढून पिशवीत ठेवा असं म्हणावं, असं मला तेव्हा फार वाटलं. म्हटलं मात्र नाही.

संस्थानं विलीन होऊन काही वर्षं झाली होती. त्याआधी धारला दरबारच्या बग्गीखान्याचा कारभार बाबांकडे असे. घोडे गेले, बग्ग्या गेल्या, तेव्हा बाबांनी तिथल्याच जुन्या कारागिरांना धरून त्याच जागेत सायकलचे कॅरियर आणि स्टँड बनवायला घेतले. इंदूरचे दुकानदार माल उचलत. पण आता ती इमारत कचेरीसाठी हवी होती. पावसाळ्याआधी रिकामी करा, असा हुकूम आला होता. गावात बाबांनी बऱ्याच जागा पाहिल्या. भट्टीचा धूर आणि दिवसभराची ठोकाठोक म्हटल्यावर कुणीही घरमालक हात जोडत असे. देवासला जागा मिळाली नाही तर कारखाना बंद करायचा, हे बाबांनी आईला सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं, पण मी शेजारच्याच खोलीत होते.

देवासला गावाबाहेर, माताजीच्या टेकडीच्या पायथ्यापासून बऱ्याच अंतरावर, सरकारने नव्या गाळ्यांची एक रांग बांधली होती. लोखंडाची, पत्र्याची लहान कामं करणाऱ्यांनी एकाच ठिकाणी यावं, प्रत्येकाला गाळा आणि वीज मिळावी, आणि एकेकट्याला परवडणार नाही असं मोठं लेथ आणि निकेल चढवायची टाकी सगळ्यांनी आळीपाळीने वापरावी, अशी ती योजना होती. बाबांना त्यातली टाकी फार आवडली होती. आमचे कॅरियर काळ्या रंगाचे असत आणि लोकांना आता चकचकीत हवे होते.

गाळे कुणाला द्यायचे ते ठरवायला आलेले साहेब मद्रासकडचे होते. त्यांना हिंदी जेमतेम येतं असं कळल्यावर बाबांनी मला बरोबर घेतलं. मी इंदूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. बसमध्ये त्यांनी एकच सूचना दिली होती. “बेटा, तू मधे आपलं काही घालू नको. मी बोलतो तेवढंच सांग.” मला ते सोयीचंच होतं. आपलं काही घालायची मला सवयच नव्हती.

साहेब एका रिकाम्या गाळ्यात टेबल टाकून बसले होते. आमच्या आधीच्या माणसाला त्यांनी गाळा दिला आणि कारकुनाला इंग्रजीत म्हणाले, “आता एकच उरला.”

मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. हसून, खरंच चांगल्या मनाने, त्यांनी विचारलं की तुम्हाला धारला नेमकी काय अडचण आहे, सरकारने तुमच्यासाठी काय करावं. मी ते मराठीत सांगितलं.

बाबांनी हात जोडले. “साहेबांना सांग, आपल्या कृपेनं सगळं ठीक आहे. काही कमी नाही. साहेबांनी आमच्यासाठी त्रास घेऊ नये.”

मी सांगितलं, शब्दाला शब्द.

मागे ट्रंकावाला म्हणाला, “देख लो. मैं क्या कह रिया था.”

साहेबांनी मान डोलावली. आनंद आहे, म्हणाले, असं सांगणारे तुम्ही पहिलेच. मग हा गाळा अधिक गरज असेल त्याला देता येईल. आणि त्यांनी ट्रंकावाल्याला पुढे यायची खूण केली.

मी हे मराठीत सांगितलं नाही. बाबांकडे पाहिलं. ते प्रसन्न दिसत होते. सगळं रीतसर झालं होतं. दरबारात कुणी तोंड उघडून मागत नसे. विचारलं तर आधी नाही म्हणायचं, मग देणाऱ्याने आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, आणि मग मान झुकवून घ्यायचं. ते हलकेच माझ्या कानाशी म्हणाले, “थांब. परत विचारतील.”

परत विचारणार नव्हते. हे मला कॉन्व्हेंटच्या जेवणघरात कळलं होतं. पहिल्या आठवड्यात वाढणाऱ्या सिस्टरना मी घरच्यासारखं ‘नको’ म्हटलं आणि आग्रहाची वाट पाहत बसले. भांडं पुढच्या मुलीकडे गेलं. त्या आठवड्यात मी रोज अर्धपोटी झोपले.

ट्रंकावाला टेबलापाशी जाऊन बोलायलाही लागला होता. हिंदी, माळवी, हातवारे, सगळं एकदम. भावांनी दुकानातून काढलं, झाडाखाली बसून पत्रा कापतो, बरसात में कहाँ जाऊँ साब. त्याच्या बोटांवर पत्र्याचे जुने-नवे वण होते आणि तो खोटं बोलत नव्हता. साहेबांना निम्मं कळलं असेल, पण तेवढं पुरे होतं. त्यांनी गाळ्याच्या कागदासाठी कारकुनाकडे हात केला.

बाबा अजून हात जोडूनच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ते आता साहेबांकडे नाही, त्या कारकुनाकडे पाहत होते. मला म्हणाले, “काय चाललंय?”

मी बोलले तर भर रांगेत, मागण्याचा जो कमीपणा ते आयुष्यभर टाळत आले तो मी त्यांच्या वतीने पत्करणार होते. गाळा मिळाला तरी ते मला माफ करतील की नाही, याची खात्री नव्हती. मी ट्रंकावाल्याच्या शेजारून टेबलापाशी गेले. त्याने मला जागा करून दिली, आणि त्यामुळे ते आणखी अवघड झालं.

आधी मराठीत बोलले, बाबांना ऐकू जावं म्हणून, पण त्यांच्याकडे न बघता. मग तेच इंग्रजीत.

“साहेब, आमची जागा जाते आहे. बाबा नाही म्हणाले, पण आम्हाला गाळा हवा आहे. मी मागते आहे.”