कोऱ्या टाकीचं विरजण

खरेदी खात्याच्या त्या साहेबाला मी अजून माफ केलेलं नाही. पण आज लिहायचं आहे ते एका बाईंबद्दल. त्यांच्याबद्दल लिहायचं तर साहेब मध्ये येणारच.

कोरेगाव भीमा सोडून शिरूरकडं निघालं की हायवेला लागून माझी झिंक प्लेटिंगची शेड होती. लोखंडी ब्रॅकेटवर जस्ताचा थर चढवायचा आणि शेवटी क्रोमच्या टाकीत बुडवून काढायचं. माल सोन्यासारखा पिवळा निघायचा. आमचे आजोबा मेंढरं राखायचे. मी दुसऱ्याच्या शेडवर हेल्पर म्हणून लागलो आणि पुढं स्वतःची उभी केली. त्या पिवळ्या रंगाचा मला गर्व होता.

दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी युरोपात कायदा आला. पिवळ्या रंगातलं क्रोम विषारी, ते असलेली विजेची उपकरणं तिकडं विकता येणार नाहीत. मी ज्या कारखान्याला ब्रॅकेट द्यायचो, त्याचा माल तिकडंच जायचा. तिथल्या खरेदी खात्याच्या साहेबांनी निरोप धाडला, नव्या बिनविषारी पद्धतीचा माल लॅबमध्ये पास करून दाखवा, नाहीतर काम पुण्यातल्या दुसऱ्या पार्टीला. माझ्याकडं मोठं काम तेवढंच होतं. ते गेलं असतं तर शेडला कुलूप.

मी नवी टाकी बसवली, नवं रसायन आणलं, नमुने पाठवले. नापास. जुनं क्रोम सापडलं म्हणे. रसायन विकणाऱ्याला मी फोनवर इतक्या शिव्या दिल्या की पलीकडच्या ढाब्यावरची माणसं बाहेर आली. शेवटी कुणीतरी या बाईंचं नाव सुचवलं. कुठल्या देशात कुठलं रसायन चालत नाही हे कारखान्यांना समजावून सांगायचं आणि माल त्यात बसवून द्यायचा, हाच त्यांचा धंदा.

मला वाटलं गाडीतून कुणी येईल. बाई एसटीतून उतरल्या, खांद्याला कापडी पिशवी. शिरूरच्या मिशनच्या आवारात वाढलेल्या, वडील तिथंच मास्तर. मी फीवरून घासाघीस सुरू केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेठ, टाकी कुठाय?"

पिशवीतून त्यांनी एक छोटी बाटली काढली. जुनं क्रोम असेल तर यातल्या थेंबानं जांभळा रंग येतो, म्हणाल्या. आधी रसायनाच्या सीलबंद कॅनमधलं घेतलं. रंग आला नाही. मग नव्या टाकीतलं घेतलं. थेंब पडला आणि जांभूळ चुरगळल्यासारखं झालं.

"टाकी भरताना काय काय घातलं?"

आमचे फोरमन वरवंडचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते पुढं झाले. "पाणी, कॅनमधलं औषध, आन् इरजण."

"विरजण?"

"व्हय. जुन्या टाकीतली एक बादली. कोरी टाकी काम धरत न्हाई, बाई. दुधाला लावतो तसं. म्या आजवर जेवढ्या टाक्या लावल्या, तेवढ्यांना घातलंय."

मामा खोटं सांगत नव्हते. प्लेटिंगच्या धंद्यात सगळेच घालायचे. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. बाई मात्र हसल्या नाहीत. "मामा, तुमचं जुन्या टाकीला बरोबर होतं," म्हणाल्या. "पण हिला तेच विष आहे."

मी लगेच सौदा टाकला. अर्धी टाकी काढू, अर्धी ताज्या रसायनानं भरू.

"दुधात रॉकेल पडलं तर अर्धं ठेवता का शेठ?"

मग मी तापलो. रसायन फुकट येतं का, कायदा करणारे गोरे इथं येऊन टाकी भरणार का, सगळं बोललो. त्या चहा पीत बसल्या. "झालं बोलून? आता हे ओढ्यात सोडायचं नाही. औषध घालून आधी विष मारायचं, खाली बसलेला गाळ विषारी कचरा घेणाऱ्यांकडं वेगळा पाठवायचा. बॅरल, हुक, धुवायची टाकी, सगळं नवं किंवा घासून."

माझ्यासमोर आजवर व्यापारी वाकले, ट्रकवाले वाकले. या बाई एक वाटीभर पाण्यालाही सवलत देईनात. बाही वर करून मामांबरोबर त्यांनी स्वतः हुक घासले. नवे नमुने पास झाले.

लॅबचा नापासचा कागद अजून कारखान्याला गेला नव्हता. मी म्हटलं, आता पासचाच कागद कारखान्याला द्या.

"दोन्ही जातील."

"फी मी देतोय!"

"म्हणूनच. पहिला कागद लपवला तर माझ्या दुसऱ्यावर कोण विश्वास ठेवील? मग तुमची फी पाण्यात."

दोन्ही कागद वाचून साहेब शेडवर आले. पहिला माल नापास का झाला विचारलं, तर मामांनी विरजणाची गोष्ट सांगितली. ती ऐकून पोट धरून हसले. "गावठी लोक! यांच्या हातात एक्स्पोर्टचा माल कसा द्यायचा?" मामा खाली मान घालून उभे.

बाईंनी साहेबांच्या हातातलं ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेतलं. "साहेब, हे तुमच्याच कंपनीचं ना? यात अजून पिवळं फिनिश लिहिलंय. ह्या माणसांनी तुमचा कागद पाळला असता तर माल परदेशात अडकला असता. यांनी चूक कुठं झाली ते सांगितलं. तुमच्या बाकीच्या प्लेटिंगवाल्यांना विचारलंत का, टाकीत काय घालता म्हणून?"

साहेबांचं हसू तिथंच थांबलं. विचारलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. काम तुमच्याकडंच ठेवतो म्हणाले, पण दर कमी करून. पुढं पुरवठादारांच्या प्रत्येक बैठकीत ते मला 'विरजणवाले' म्हणूनच हाक मारायचे, तेही बाईंमुळं त्यांचीच अब्रू वाचलेली असताना. म्हणून माफी नाही.

त्या दिवशी मी बाईंकडं पाहिलं, दराचंही त्या काही बोलतील म्हणून. त्यांनी बाटली पिशवीत टाकली. "माल सुरक्षित आहे एवढंच मी सांगू शकते. भाव करणं तुमचं काम, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं." मामांना नमस्कार करून त्या एसटी धरायला हायवेकडं निघाल्या.

मी साहेबांसाठी खुर्ची ओढली. म्हटलं, "बसा साहेब. आता बोलू."