वर मिरची, खाली शेंगा

कलममामाच्या खिशात दाढीचं ब्लेड असायचं. समोर कुठलंही हिरवं रोप दिसलं की हात खिशात गेलाच. उभा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत काढला, रिटायर होऊन गडमुडशिंगीला घरी बसला आणि मोबाईलवर कलमांचे व्हिडिओ बघून शास्त्रज्ञ झाला. भेंडीवर वांगं, मक्यावर तूर. एकही जगलं नाही. मेलं की म्हणायचा, हवा लागली. आपलं चुकलं असं त्या माणसानं कधी कबूल केलं नाही.

अक्कल सगळी भट्टीतली. "लोखंडात भंगार टाकल्यावर एकजीव हुतंय की. मग झाडात झाड का न्हाय हुणार?" मी म्हटलं, मामा, झाडं वितळत नाहीत. तर मलाच अडाणी म्हणाला.

एका पावसाळ्यात त्याला नवा साक्षात्कार झाला. "वर मिरची, खाली शेंगा. झाड उपाटलं की चटणी तयार. जगात कुणी केल्यालं न्हाय." केलं नव्हतं, कारण जगाला डोकं आहे. मामी भाच्याच्या लग्नाला गेलेली. परसात तिची मिरची फुलावर आली होती. आईकडून आणलेलं ते बी ती दरसाल राखायची, वर्षाची चटणी त्याच मिरचीची. ह्या दीडशहाण्यानं सगळ्या रोपांची मुंडकी छाटून भुईमुगाच्या बुडख्यांवर चिंध्यांनी बांधली आणि मिरचीचे बुडखे उपटून उकिरड्यावर फेकले. मामी परतली तेव्हा सगळं वाळून गेलं होतं. राखलेलं बी सगळं पेरून संपलेलं, आणि आईमागं माहेरीही ते कुणी राखलं नव्हतं. मामी रडली नाही, नुसती चिंध्या सोडत बसली.

नशीब, माझ्या लग्नात तिनं मूठभर बी मला बांधून दिलं होतं. कुरुंदवाडला माझ्या दारात ती मिरची होती. मी बी नेऊन दिलं, तर मामी हळूच म्हणाली, "ह्यास्नी कळू दिऊ नगंस." तिनं पुडी देव्हाऱ्यात लपवली, तिकडं मामाचा हात कधी जायचा नाही. बाकी नव्या कलमासाठी काही बी मिळतंय का म्हणून घरातले सगळे डबे त्यानं हुडकले. वर बाजारच्या मिरचीची चटणी खाताना नाक मुरडायचा, पहिल्यागत लागत नाही म्हणून. ताट उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटायचं मला.

थंडीत तो गेला. खिशात ब्लेड होतंच. वाईट वाटलं, नाही असं नाही, पण बेतानंच.

पावसाच्या तोंडाला मामीनं पुडी सोडली. पुढं मी गेले तेव्हा परसात एक ओळ मिरचीची होती आणि तिला लागून एक भुईमुगाची. दोन्ही ओळींमधलं तण उपटता उपटता मामी म्हणाली,

"शेजारी लावायचं हुतं, एवढंच. चटणी हुतीच की."

आणि मग तिनं पदर डोळ्याला लावला.